ॲन्सेल्मचं एक पान आणि माझे चार महिने

बीकॉम झाल्यावर मी एमएला तत्त्वज्ञान घेतलं, घरी कोणालाच ते नीट कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही पहिले काही आठवडे कळलं नव्हतं. पहिल्याच इंटर्नल टेस्टला ईश्वराच्या अस्तित्वाच्या सत्ताशास्त्रीय युक्तिवादावर प्रश्न आला, काही ठिकाणी याला सत्तामूलक युक्तिवाद असंही म्हणतात. मी दीड पान लिहिलं: अकराव्या शतकातला ख्रिस्ती साधू ॲन्सेल्म म्हणतो देव सगळ्यात महान आहे, सगळ्यात महान गोष्ट अस्तित्वात असायलाच पाहिजे, म्हणून देव आहे, पण जर्मन तत्त्वज्ञ कांटने हे खोडून काढलं. पंधरापैकी चार मार्क पडले. मॅडमनी शेवटच्या ओळीशेजारी पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं, "कुठली पायरी खोडली?"

त्या प्रश्नावर माझे पुढचे चार महिने गेले. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या सिलॅबसमध्ये ॲन्सेल्म आहे, यूपीएससीला तत्त्वज्ञान ऑप्शनल घेतलात तर दुसऱ्या पेपरात ईश्वरसिद्धीची प्रमाणं आणि त्यांच्यावरची टीका आहे, म्हणजे हा टॉपिक कुठे ना कुठे गाठणारच. म्हणून नवीन मुलामुलींसाठी हे लिहितेय.

गाइडमधल्या पाच ओळी आधी बाजूला ठेवा आणि मूळ मजकूर वाचा. त्याचं नाव प्रॉस्लोजिऑन, त्यातलं दुसरं आणि तिसरं प्रकरण, दोन्ही मिळून जेमतेम दोन पानं होतात, जुनं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. मी इतिहास, चरित्र, टीकाकार सगळं आधी वाचलं आणि हे शेवटी, ते उलटं झालं.

वाचायला घेतलंत की पहिला धक्का हा बसतो की ती प्रार्थना आहे. ॲन्सेल्म देवाला "तू" म्हणून बोलतोय. तो मूळचा आल्प्सच्या पायथ्याच्या आओस्ता गावचा, जन्म १०३३, नंतर नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात साधू आणि १०९३ पासून कँटरबरीचा आर्चबिशप. प्रॉस्लोजिऑन त्याने मठात असताना १०७७-७८ च्या सुमारास लिहिलं. त्याआधी त्याने एक मोठं पुस्तक लिहिलं होतं ज्यात एकात एक गुंतलेले कितीतरी युक्तिवाद होते, आणि त्याला असं हवं होतं की सगळं एकाच युक्तिवादात यावं, ज्याला दुसऱ्या कशाचा टेकू लागू नये. त्याचा शिष्य ईडमर सांगतो की या एका विचारापायी ॲन्सेल्मचं खाणं, पिणं, झोप सगळं उडालं, प्रार्थनेतही लक्ष लागेना, हा सैतानाचा मोह आहे असं वाटून त्याने तो विचार झटकायचाही प्रयत्न केला, आणि मग एका रात्री उपासना चालू असतानाच त्याला ते सुचलं. हे वाचल्यावर मला "शब्दांचे खेळ" हा शब्द वापरवेना. माणूस इतका जीव लावून जे लिहितो ते निदान सावकाश वाचलं पाहिजे.

आता युक्तिवाद. तो सुरू होतो एका वर्णनापासून: ज्याहून महान काही विचारात आणताच येत नाही असं काहीतरी. बायबलच्या स्तोत्रात एक मूर्ख मनातल्या मनात म्हणतो की देव नाही, ॲन्सेल्म म्हणतो हा मूर्खसुद्धा हे शब्द ऐकतो तेव्हा त्याला ते समजतात, आणि जे समजतं ते निदान बुद्धीत तरी असतं, जसं चित्रकाराच्या मनात चित्र काढायच्या आधीच चित्र असतं. आता समजा ते फक्त बुद्धीतच आहे. मग तेच प्रत्यक्षातही आहे असा विचार करता येतो, आणि प्रत्यक्षात असणं हे जास्त महान. म्हणजे ज्याहून महान विचारात येत नाही त्याहूनही महान विचारात आलं, हा विरोध झाला. म्हणून ते प्रत्यक्षातही आहे.

हे तुमच्या मराठीत, तुमच्या हाताने, एका पायरीला एक वाक्य असं लिहून काढा. मी ते अकरा वेळा लिहिलं आणि दर वेळी काहीतरी नवीन सापडलं. पहिल्यांदा मी "ज्याहून महान कल्पना करता येत नाही" असं लिहायचे, त्याने घोटाळा होतो, कारण कल्पना म्हटलं की डोळ्यासमोर चित्र येतं आणि मग देवाचं चित्र कसं येईल हा भलताच वाद सुरू होतो. ॲन्सेल्मचा लॅटिन शब्द विचार करण्याचा आहे, म्हणून "विचारात आणणं". दुसरं म्हणजे "सगळ्यात महान" आणि "ज्याहून महान विचारात येत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा घ्या, त्याच्याहून उंच मुलगा विचारात सहज आणता येतो. माझे मार्क बहुतेक इथेच गेले होते. ॲन्सेल्मच्या पहिल्या टीकाकाराचंही इथे घसरलं आणि ॲन्सेल्मने उत्तरात त्याला नेमकं हेच सांगितलं.

तो टीकाकार गॉनिलो, मार्मूतिए मठातला साधू, म्हणजे तोही श्रद्धावानच. त्याने मूर्खाची वकिली घेतली. त्याचं म्हणणं असं की समुद्रात कुठेतरी एक हरवलेलं बेट आहे, जगातल्या सगळ्या देशांहून श्रेष्ठ, आता तुमच्याच पद्धतीने ते बेट प्रत्यक्षात आहे असं सिद्ध होईल की! माझ्या हॉस्टेलच्या रूममेटला मी युक्तिवाद समजावला तर इंजिनिअरिंगच्या त्या पोरीने गॉनिलोचं नावही न ऐकता दोन मिनिटांत हाच आक्षेप काढला, फक्त बेटाऐवजी वडापाव. यावरून मला कळलं की हा आक्षेप किती नैसर्गिक आहे. पण तो कुठली पायरी पाडतो ते विचारा. तो एवढंच दाखवतो की काहीतरी चुकतंय, कुठे चुकतंय ते दाखवत नाही. शिवाय अमेरिकन तत्त्वज्ञ प्लँटिंगाने दिलेलं उत्तर वाचा: बेटावर अजून एक माडाचं झाड नेहमीच वाढवता येतं, त्यामुळे ज्याहून श्रेष्ठ बेट विचारात येत नाही असं काही असूच शकत नाही, पण ज्ञानाला किंवा सामर्थ्याला कमाल मर्यादा असू शकते. आणि एक गोष्ट मला फार भावते, ॲन्सेल्मने सांगून ठेवलं की यापुढे माझ्या पुस्तकाच्या प्रतींना गॉनिलोचा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही जोडा.

मग फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त, १६४१. तो म्हणतो जसं त्रिकोणापासून त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असणं वेगळं करता येत नाही, तसं परिपूर्ण ईश्वरापासून अस्तित्व वेगळं करता येत नाही. इथे आपल्याला मराठीचा फायदा आहे आणि तो कुठल्याच नोट्समध्ये मला मिळाला नाही. आपण "त्रिकोणाला तीन बाजू असतात" म्हणतो, "एकशिंग्याला (गोष्टीतल्या शिंगवाल्या घोड्याला) एक शिंग असतं" म्हणतो, आणि ते खरं असतं, पण त्यावरून अंगणात एकशिंग्या आहे असं कोणी म्हणत नाही. "असतं" हे व्याख्येचं बोलणं, "आहे" हे समोरच्या गोष्टीचं बोलणं. देकार्त "असतं" पासून "आहे" वर कुठल्या पुलावरून जातो ते शोधा. मी हे मॅडमना उत्साहाने सांगितलं, त्या खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "देकार्तला लागू पडेल गं, ॲन्सेल्म कुठे व्याख्येत अस्तित्व घालतोय?" बरोबर होतं. ॲन्सेल्म तर उलट मानलं की विसंगती येते, एवढंच दाखवतो. परत पाटी कोरी.

कांट १७८१ मध्ये म्हणतो की अस्तित्व हा खरा गुणधर्म नाही. शंभर प्रत्यक्ष थालर (तेव्हाची जर्मन चांदीची नाणी) घेतले तर त्यांमध्ये शंभर विचारातल्या थालरपेक्षा एकही नाणं जास्त नसतं, गल्ल्यात मात्र फरक पडतो. म्हणजे "आहे" म्हटल्याने त्या वस्तूच्या वर्णनात भर पडत नाही, तर प्रत्यक्षातही असणं "जास्त महान" कसं? हीच ती पायरी. मॅडमच्या पेन्सिलीचं उत्तर मला इथे मिळालं. पण एवढ्यावर थांबू नका, कारण तिसऱ्या प्रकरणात ॲन्सेल्म नुसतं अस्तित्व म्हणत नाही, ज्याचं नसणं विचारातच येत नाही असं अस्तित्व म्हणतो, आणि कांटचा आक्षेप तिथे तसाच लागतो का यावर विसाव्या शतकात मॅल्कम, हार्टशॉर्न, प्लँटिंगा या तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिलंय. तर्कशास्त्रज्ञ गोडेलनेही एक सिद्धता लिहून ठेवली होती, २०१३ मध्ये तिची डेना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञाने मांडलेली आवृत्ती कॉम्प्युटरवर तपासली गेली. गृहीतकांवरून निष्कर्ष निघतो एवढंच त्यातून कळतं, गृहीतकं खरी की नाही ते नाही. फॉर्मल लॉजिक शिकल्याशिवाय या भागात शिरू नका, मी शिरले आणि एक महिना वाया गेला.

यूपीएससीवाल्यांना एक सांगायचंय, तिथे भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही प्रमाणं आहेत त्यामुळे ओढूनताणून तुलना करायचा मोह होतो. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांचं कार्यावरून कर्त्याचं अनुमान, घट आहे तर कुंभार, हे या जातीचं नाहीच. जवळचं वाटेल असं योगसूत्रातलं "तत्र निरतिशयं सर्वज्ञबीजम्" (ईश्वरात सर्वज्ञतेचं बीज कमाल टोकाला असतं), पण त्यावरचं व्यासभाष्य बघा, ते जगात ज्ञान कमीजास्त दिसतं तिथून सुरू होतं आणि त्याच्या टोकाला जातं. ॲन्सेल्म जगातलं काहीच घेत नाही, फक्त एक समजलेला शब्दसमूह घेतो. हा फरक दोन वाक्यांत लिहिलात तरी उत्तर वेगळं दिसतं.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल १८९४ मध्ये केंब्रिजला विद्यार्थी असताना तंबाखूचा डबा घेऊन परत येत होता, अचानक त्याला हा युक्तिवाद बरोबर आहे असं वाटलं आणि त्याने डबा हवेत उडवला. पुढे त्याने मत बदललं, तरी त्याने लिहिलंय की यात खोट आहे हे वाटणं सोपं, ती नेमकी कुठे आहे ते सापडणं कठीण.

माझं सध्या "जे समजतं ते बुद्धीत असतं" या पायरीवर अडलंय. शब्द समजणं म्हणजे ती वस्तू बुद्धीत असणं का? गॉनिलोनेही हे विचारलं होतं, बेटाच्या आधी, आणि बेटाच्या गडबडीत ते कोणी वाचत नाही. माझी वही परत पहिल्या पानावर आलीय, बारावी प्रत लिहितेय.