मायकोप्लाझ्मा आयजीएम पॉझिटिव्ह आलाय? आधी तारीख बघा

दोन आठवडे कोरडा खोकला, बारीक ताप, एक्स-रेत डाग, मग डॉक्टर मायकोप्लाझ्मा नाहीतर क्लॅमिडिया न्यूमोनी या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूंची अँटीबॉडी टेस्ट (जंतूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रथिनं शोधणारी) लिहून देतात आणि रिपोर्टचा फोटो लगेच घरच्या ग्रुपवर पडतो. आकडा बघायच्या आधी एक काम करा, ताप कुठल्या तारखेला सुरू झाला ते पेननं रिपोर्टवरच लिहा. त्याशिवाय त्या कागदाला काही अर्थ नाही.

कारण मायकोप्लाझ्मात आयजीएम, म्हणजे आधी येणारी अँटीबॉडी, साधारण पहिला आठवडा सरल्यावर दिसायला लागतं, आयजीजी, म्हणजे नंतर येणारी, दोन-तीन आठवड्यांनी. तिसऱ्या दिवशी रक्त दिलं आणि निगेटिव्ह आलं तर सुटलो म्हणू नका. क्लॅमिडिया त्याहून संथ, पहिल्यांदाच झाला असेल तर आयजीजी वर यायला सहा ते आठ आठवडे लागतात.

आता पॉझिटिव्ह. आयजीएम कधीकधी कित्येक महिने रक्तात राहतं, म्हणजे ते मागच्या आजाराचंही असू शकतं. उलट मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा इन्फेक्शन झालं तर आयजीएम कधीकधी येतही नाही. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर पूर्वी कधीतरी होऊन गेलंय एवढंच समजायचं.

पक्कं सांगायचं तर दोन ते चार आठवड्यांनी दुसरं सॅम्पल लागतं, तेही त्याच लॅबमध्ये, कारण किट बदललं की आकडे जुळत नाहीत. टायटर (रक्त किती पट पातळ केलं तरी अँटीबॉडी सापडते तो आकडा) चौपट वाढलं पाहिजे, १:४० चं १:१६० झालं तर मोजायचं, १:८० झालं तर नाही. एलायझा या दुसऱ्या पद्धतीच्या टेस्टचा इंडेक्स म्हणजे टायटर नव्हे, त्याची चौपट काढत बसू नका.

एवढं थांबून औषध कोण देणार, म्हणून डॉक्टर लक्षणं बघूनच अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक सुरू करतात, ते बरोबरच आहे. अमॉक्सिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर काम करतं आणि मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, त्यामुळे घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. लवकर कळायचं असेल तर घशाच्या स्वॅबची पीसीआर (खुद्द जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) बरी.

आणि सोलापुरात हे सांगायलाच पाहिजे, विडी वळणाऱ्या नाहीतर यंत्रमागावरच्या माणसाचा खोकला लांबला की कुणीतरी टीबीची अँटीबॉडी करा म्हणतंच. करू नका! डब्ल्यूएचओनं २०११ मध्ये ती टेस्ट वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारनं बंदीच घातली. टीबीसाठी बेडका लागतो, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे. सकाळी उठल्यावर चूळ भरून छातीतून खोकून काढलेला द्या, डबीत नुसती लाळ नको.