खासगी मेलिंग लिस्ट उभारताना या चुका टाळा

स्वतःच्या दोन जीमेल पत्त्यांवर चाचणीचा मेल पोहोचला की त्याच संध्याकाळी सगळे सदस्य यादीत (एका पत्त्यावर आलेला मेल सर्वांना पोहोचवणाऱ्या मेलिंग लिस्टमध्ये) भरून मोकळे होणे, ही मला वारंवार दिसणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लातूरकडील सोयाबीन उत्पादकांच्या चाळीस जणांच्या गटासाठी सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारे सॉफ्टवेअर) आणि मेलमन (यादी सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवले, तेव्हा हीच घाई झाली. आठवडाभरात फोन आला, "सर, दोन दिवस झाले, आडतीचे भाव येईनात." यादी उघडली, तर जीमेलवरच्या बहुतेक सदस्यांचे वितरण मेलमनने आपणहून बंद केलेले होते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये '५५० ५.७.२६' (मेलची ओळख पटली नाही) हाच नकार पुन्हा पुन्हा उमटलेला होता.

रोज भाव कळवणारा सदस्य आपल्या कार्यालयाच्या डोमेनवरून लिहीत असे आणि त्या डोमेनचे डीमार्क धोरण, म्हणजे 'फ्रॉम'मधल्या (प्रेषकाच्या) डोमेनशी ओळख न जुळणाऱ्या मेलचे काय करायचे याची सूचना, 'रिजेक्ट' (नाकारा) होते. यादी विषयाआधी गटाचे नाव आणि मजकुराखाली तळटीप जोडते, त्यामुळे मूळ डीकेआयएम स्वाक्षरी (मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) मोडते. एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) आपल्या सर्व्हरपुरते जुळते, पण 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळत नाही, म्हणून जीमेल तो मेल नाकारते. मेलमन मात्र परत आलेल्या मेलचा दोष घेणाऱ्याच्या नावावर मांडतो, आणि दिवसाला एक याप्रमाणे पाच गुण भरले की त्याचे वितरण थांबवतो. याहूने एप्रिल २०१४ मध्ये असेच धोरण लावले, तेव्हा जगभरच्या याद्या याच कारणाने अडखळल्या होत्या. मेलमनच्या डीमार्कविषयक सेटिंगमध्ये 'फ्रॉम'च्या जागी यादीचा पत्ता घालण्याचा पर्याय आहे. मी तो पहिला सदस्य जोडण्याआधीच निवडतो आणि त्यानंतर निदान आठवडाभर वेगवेगळ्या डोमेनच्या पाच-सहा जणांनाच यादीत ठेवतो. एवढाही धीर नसेल, तर सर्व्हर भाड्याने घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीटीआर नोंद (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी) डोमेन विकणाऱ्याकडे शोधू नका; ती आयपी पत्ता देणाऱ्या सर्व्हर कंपनीच्या पॅनेलमध्ये असते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल ती प्रत्येक प्रेषकाकडे मागते. बाहेर जाणारे पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांकडे मेल देतात तो मार्ग) बंद आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

मेलमनऐवजी 'एलियास' फाइलमध्ये (एका पत्त्याचा मेल अनेकांकडे वळवणाऱ्या साध्या फाइलमध्ये) पत्ते लिहून काम भागवण्याची पळवाट तर मला मुळीच मान्य नाही. तिथे परत आलेल्या मेलचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि तो पत्ता ज्याला कळला, तो बाहेरचा माणूसही सगळ्यांना लिहू शकतो.

पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये (कोणत्या यंत्रांना आपल्या सर्व्हरमधून बाहेर मेल पाठवू द्यायचा, त्या यादीत) नेमके काय लिहायचे हे समजत नसेल, तर तिथे फक्त लोकलहोस्ट (सर्व्हर स्वतः) राहू द्या.

उत्तर आपोआप साऱ्या गटाला जाईल, अशी मांडणी मी करत नाही. कर्जाच्या हप्त्याविषयी एकाला लिहिलेले चाळीस जणांनी वाचलेले मी पाहिले आहे, आणि गेलेला मेल परत आणता येत नाही. मेलमनच्या नेहमीच्या मांडणीत जुना पत्रव्यवहार सार्वजनिक असतो आणि यादीचे नावही मुखपृष्ठावर झळकते. यादी खासगी हवी असेल, तर पहिले पत्र जाण्याआधीच हे दोन्ही बदला.