कमाई थांबल्यावर घर कसे सावरावे: गिरणगावातील जुन्या पिढीकडून घेण्याचे धडे

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. मागचे संप जसे मिटले तसा हाही मिटेल, ही आशा लालबाग-परळमधील अनेक घरांनी पुष्कळ काळ धरून ठेवली. प्रत्यक्षात तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या दिवसांत ज्यांनी चूल पेटती ठेवली, त्यांच्या कष्टांचे कौतुक खूप होते. परंतु नोकरी गेलेल्या किंवा धंदा बसलेल्या माणसाला कौतुकापेक्षा त्या कष्टांमागची व्यवस्था अधिक उपयोगी पडते, म्हणून येथे तिचाच विचार केला आहे.

पहिले काम म्हणजे घरात कमाई थांबल्याचे आठवडाभरातच सर्वांना स्पष्ट सांगणे आणि हाताशी असलेली रोकड, घरातील धान्य व देणी एका कागदावर मांडणे. देण्यांमध्ये भाडे, वीज, औषधे व किराणा ही आधी लिहावीत, कारण ती थकली तर घरच हलते. वाण्याची उधारी असेल, तर त्याने विचारण्याआधी आपण जाऊन परिस्थिती सांगावी आणि जमेल तेवढी, पण ठरल्या दिवशी रक्कम द्यावी. चाळींमध्ये पत टिकायची ती अशा नियमितपणावर. तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीने जाणाऱ्याला वाणी वही दाखवत असे.

ही उधारीची साखळी किती नाजूक असते, हे खानावळींवरून कळते. कोकणातून किंवा घाटावरून एकटे आलेले कामगार चाळीतील एखाद्या बाईकडे जेवत आणि पगार झाल्यावर पैसे देत. ती बाई महिनाभराचे धान्य उधारीवर आणी. पगार थांबले की दोन्हीकडून तिचीच कोंडी होई, आणि सावकाराच्या व्याजाने ती अधिकच आवळली जाई. खानावळवाल्या बायकांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच कारणाने. यातून घेण्याची गोष्ट अशी की, अडचणीच्या काळात आपले सर्व गिऱ्हाईक एकाच कारखान्यातले किंवा एकाच कार्यालयातले नसावे आणि महिनाअखेरीस पैसे देणाऱ्यांबरोबर काही रोखीने देणारेही असावेत.

दुसरे काम निवडताना मानापेक्षा पैसा हातात कधी येतो हे पाहावे. संपात कोणी भाजी विकली, कोणी हमाली केली, कोणी भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, तर बायकांनी पापड लाटले आणि धुणीभांडी केली. मात्र घरगुती धंद्यात स्वतःची मेहनत फुकट धरण्याची जुनी सवय उचलू नये. समजा, दिवसाला १५ डबे ८० रुपयांप्रमाणे गेले, तर गल्ला १,२०० रुपयांचा होतो. त्यातून साहित्याचे ६५०, गॅसचे ९०, पोचवण्याचे १५० आणि नासाडी-झीज यांचे ४० रुपये वजा केले की २७० रुपये उरतात, आणि सहा तास राबणे असेल तर तासाला ४५ रुपये पडतात. हा आकडा पाहूनच दर वाढवावा, पदार्थ बदलावा की दुसरीकडे काम धरावे, हे ठरवावे. गल्ला मोजून खूश होणाऱ्याला हे दिसतच नाही.

भिशीचा आधार आजही घेण्यासारखा आहे. दहा जणींनी महिन्याला एक-एक हजार रुपये घातले, तर दर महिन्याला एकीला दहा हजार रुपये बिनव्याजी मिळतात. आपला क्रमांक लागून गेला असेल, तर पुढचे हप्ते काहीही करून भरावेत. लागला नसेल, तर अडचण सांगून आधीचा क्रमांक मागण्यात संकोच नसावा. ओळखीच्या माणसांपलीकडच्या, जादा परतावा सांगणाऱ्या भिशीत मात्र पडू नये.

दागिन्यांविषयी माझे मत जुन्या बायकांपेक्षा थोडे वेगळे आहे. त्या आधी गहाण ठेवत आणि सोडवण्याची आशा धरत. कमाई कधी सुरू होईल हे सांगता येत नसेल, तर व्याज भरत राहण्यापेक्षा एखादी लहान वस्तू सरळ विकावी. ज्या साधनावर पोट चालते, ते शिलाई यंत्र असो, रिक्षा असो वा मोठी भांडी असोत, ते मात्र गहाण ठेवू नये.

सर्वांत अवघड प्रश्न थांबायचे किती, हा. संपकाळात अनेक जण गावी जाऊन शेतीला लागले, तर अनेकांनी गिरणी उद्या उघडेल या आशेवर दिवस काढले. म्हणून जुनी नोकरी परत मिळण्याची वाट पाहायची असेल, तर कुठवर थांबायचे ती तारीख आधीच कागदावर लिहावी आणि ती उलटली की दुसरा मार्ग कायमचा धरावा.

त्या पिढीची एक गोष्ट मात्र गिरवू नये. अनेक घरांनी नाइलाजाने मुलांच्या शाळा सोडवल्या आणि त्यांना कामाला लावले. फी थकण्याची चिन्हे दिसताच पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन हप्ते मागावेत, शिष्यवृत्ती व फी-सवलतींची चौकशी त्याच भेटीत करावी, आणि खासगी शाळा परवडत नसेल तर वर्ष अर्धवट सोडण्याऐवजी महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत प्रवेश बदलून घ्यावा.