पोरांच्या अंतर्गळाचं दुर्बिणीतून ऑपरेशन: या चुका टाळा

पहिले एक गोष्ट क्लिअर करू, लहान पोरांच्या अंतर्गळात, म्हणजे जांघेतल्या हर्नियात, जाळी (मेश) टाकायची नसते. मोठ्या माणसाची पोटाची भिंत ढिली झालेली असते, पोराची भिंत ठणठणीत असते, फक्त पोटातून जांघेत उतरलेली जी पिशवी जन्माच्या आसपास बंद व्हायला पाहिजे होती, ती उघडी राहून जाते. तिचं तोंड आतल्या रिंगपाशी, म्हणजे ती पोटातून जिथून बाहेर पडते त्या भोकापाशी, बांधलं की झालं. तरी शिकाऊ डॉक्टरांच्या दर बॅचला कुणीतरी विचारतंच, सर मेश कोणती?

आता माझं खरं दुखणं. बेंबीतून कॅमेरा, जांघेवर सुईएवढं छिद्र, आणि त्या सुईने रिंगभोवती पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या पातळ अस्तराच्या) खालून न विरघळणारा धागा फिरवायचा. अर्धा गोल मस्त होतो, पण खालच्या बाजूला वीर्यनलिका अन् अंडकोषाच्या रक्तवाहिन्या दिसल्या की नवा माणूस टरकतो आणि सुई वरून उडी मारून पलीकडे घालतो. तेवढा पेरिटोनियम धाग्याच्या बाहेर राहिला नं बावा! आणि गाठ मारल्यावर स्क्रीनवर एकदम पॅक दिसतं.

मीपण केलंय हे. शिकत होतो तेव्हा, उमरेडकडचं दोन वर्षांचं पोरगं, वीस मिनिटांत आटोपलं म्हणून कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खात शायनिंग मारून राहिलो होतो. चार महिन्यांनी आई त्याला कडेवर घेऊन ओपीडीत हजर, "डॉक्टर, रडला का पुन्हा येते हो." परत आत पाहिलं तर धागा जागेवर, नलिकेच्या वर मात्र काडी जाईल एवढी फट. ती बाई एक शब्द वाकडा बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून तिथे आधी पेरिटोनियमखाली सलाईन सोडतो, फुगा येतो, नलिका खाली राहते, मग सुई निवांत सरकवतो. नलिकेला चिमट्याने धरायचं नाही म्हणजे नाही. दोन-तीन मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या नं. यूट्यूबवर फास्ट-फॉरवर्ड व्हिडिओ पाहून आलेले रेसिडेंट भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतात, त्यांना मी घड्याळाकडे पाठ करून उभं करतो.

बाकी किरकोळ. लघवीची पिशवी आधी रिकामी करा, तान्ह्या बाळात ती पोटात वर असते. कॅमेरा आत आहेच तर दुसरी बाजूपण बघा. मुलींमध्ये अंतर्गळाच्या पिशवीत ओव्हरी अडकलेली नाही ना, पाहूनच गाठ मारा. आणि गाठ आवळायच्या आधी पोट फुगवायला सोडलेला गॅस अंडपिशवीत उतरला असेल तर दाबून काढा, नाहीतर संध्याकाळी बाप "सूज तशीच आहे" म्हणून भांडतो.

आईबाप लोकांनो, मे महिन्यात नागपूरचं ४५ डिग्री ऊन आणि तुम्ही पोराला रात्रीपासून कोरडं ठेवता, काऊन? भूल देणाऱ्या डॉक्टरला विचारा, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, आईचं दूध चार तास. फुगवटा कडक झाला, आत जात नाही, पोरगं उलट्या करतंय तर तेल चोळत बसू नका, रात्री दोनलाही निघा.

आणि जांघेत नाणं बांधून अंतर्गळ जात नाही. परवा एका आजीने पट्टा सोडून दहाचं नाणं माझ्या टेबलवर ठेवलं, म्हणे याचं आता काय करू. म्हटलं, गुल्लकीत टाका.