हातातलं घड्याळ ठोके खरे दाखवायलंय का, स्वतः कसं तपासायचं

परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी जा, बघावं त्याच्या हातात स्मार्टवॉच, आणि बोलणं सगळं ठोक्यांवर. परवा एक काका हळूहळू जॉगिंग करत बाजूला आले आणि म्हणाले, "हे बघ, १६२ दाखवायलंय, मला हार्टचं काही झालं का?" आता हे विचारताना काकांना ना दम लागलेला ना धाप, नातवाच्या ॲडमिशनचंही सगळं सांगून झालं. साठीतल्या माणसाचे ठोके खरंच १६२ असते तर दोन शब्दांच्या पुढं बोलणं झालं नसतं. त्यांना थांबवून लगेच नाडी धरली तर ११६. म्हणजे काका ठणठणीत, घड्याळच भलतं मोजायलं होतं.

काय मोजायलं होतं ते सांगतो, पण आधी हे घड्याळ चालतं कसं ते बघा. मागच्या बाजूला जो हिरवा लाइट लुकलुकतो ना, तो कातडीतून आत जातो, रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, ठोका पडला की मनगटात रक्त जरा जास्त येतं आणि परत येणारा उजेड तेवढा कमी होतो, हीच कमी-जास्त सेन्सर मोजतो. निवांत बसलात तर काम सोपं. पण हात हलला की घड्याळ कातडीवर सरकतं, आतलं रक्तही हिंदकळतं, आणि उजेड त्यानंही कमी-जास्त होतो. मग सॉफ्टवेअरला ठरवावं लागतं की यातला ठोका कोणता आणि हिसका कोणता. पळताना हात पावलांच्या तालावर हलतो, मिनिटाला १६०-१७० पावलं पडतात, आणि घड्याळ कधीकधी त्या पावलांनाच ठोके समजून बसतं. काकांचं तेच झालं होतं.

हे ओळखायचं कसं? पळताना एकाच पायाची पावलं ३० सेकंद मोजा आणि चारनं गुणा. हा आकडा आणि घड्याळातले ठोके जवळपास सारखेच निघाले, तेही पळायला सुरुवात करून जेमतेम दोन मिनिटं झाल्यावर, तर संशय घ्या. मग जरा छोटी, भराभर पावलं टाका, वेग तोच ठेवा. ठोक्यांचा आकडा पावलांच्या मागं मागं पळाला तर समजून जा.

आता खरी तपासणी. आधी पाच मिनिटं शांत बसा, घड्याळ नसलेल्या हाताच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा (अंगठा ठेवू नका, त्याची स्वतःची नाडी लागते) आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. इथं घड्याळ आणि तुमची मोजणी दोन-चार ठोक्यांच्या फरकात जुळायला पाहिजे. बसल्या जागीच १५-२० चा फरक पडायला तर पुढचं काही तपासायची गरज नाही, आधी पट्टा नीट बांधा, तरी तेच असेल तर ते घड्याळ वेळ बघायला ठेवा.

मग दहा मिनिटं झपझप चाला, थांबा, थांबल्याक्षणी घड्याळातला आकडा लक्षात ठेवा आणि लगेच १५ सेकंद नाडी मोजून चारनं गुणा. पूर्ण मिनिट मोजायला बसू नका, थांबलं की ठोके भराभर उतरतात, मिनिट संपेपर्यंत वेगळीच कहाणी होते. आणि १५ सेकंदात एक ठोका चुकला की हिशोबात चारचा फरक पडतो, म्हणून पाच-सहाच्या फरकावरून घड्याळाला शिव्या देऊ नका. असंच जॉगिंगनंतर करा, जोरात पळून झाल्यावर करा, दंड-बैठका आणि डंबेल मारल्यावर करा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा. बहुतेकांचं असं निघतं: बसून आणि चालताना छान, एकसारख्या पळण्यात बरं, आणि वजन उचलताना, दोरीवरच्या उड्यांत, पुलअप्सला पार गंडलेलं. मूठ आवळली की मनगटातल्या शिरा आणि स्नायू ताणतात, रक्त नीट फिरत नाही, मनगट वाकलं की घड्याळ उचललं जातं. खराब रस्त्यावर सायकलचं हँडल घट्ट धरलं की हेच.

पोलीस भरतीच्या पोरांना एक सांगतो. १०० मीटरला घड्याळातले ठोके बघूच नका. ती पळ १२-१५ सेकंदाची, तेवढ्यात ठोकेच पुरते वर गेलेले नसतात आणि घड्याळ तर काही सेकंदांची सरासरी काढून दाखवतं, म्हणून तुम्ही थांबून वाकून श्वास घेत असता तेव्हा आकडा वर चढताना दिसतो. १६०० ला स्टॉपवॉच वापरा. ठोके बघायचेच असतील तर हळू पळायच्या लांब दिवशी बघा, तिथं ते कामाला येतात.

घालायची पद्धत. मनगटाच्या हाडावर नाही, हाडाच्या वर कोपराच्या बाजूला एक-दोन बोटं सोडून. पळायच्या आधी पट्टा एक भोक आवळा, नंतर सैल करा. इतकं घट्टही नको की कातडीवर वळ उठतील आणि बोटं सुन्न पडतील. मागची काच पुसा, घामाचा आणि तेलाचा थर बसतो. आपल्याकडं हातात कडं असतं, देवाचा दोरा असतो, एकावर एक तीन-चार दोरे असतात, त्यातला एक जरी सेन्सरखाली आला तर हिरवा उजेड दोऱ्यालाच धडकतो. दोरा काढायचा नसेल तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घेत असाल तर हातावर गोंदण कुठं आहे ते बघा, गडद शाईतून उजेड जातच नाही.

रंगाचं विचारतात लोक, सावळ्या कातडीवर चालतं का म्हणून. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ जणांवर तपासलं होतं, त्यात कातडीच्या रंगानं म्हणावा असा फरक पडला नाही, हालचालीनं मात्र पडला, बसल्यापेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त.

थंडीचं वेगळं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो, हात गारठले की कातडीच्या बारीक शिरा आकसतात आणि घड्याळाला काही सापडतच नाही, मग ते नुसत्या रेघा दाखवतं नाहीतर मनाला येईल तो आकडा. घरातच दहा मिनिटं हातपाय हलवून निघा, घड्याळ स्वेटरच्या बाहीखाली ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, आणि तिथं लोक उगं घड्याळाला दोष देतात. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडं जास्त जातं, घामानं पाणी कमी होतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून तेवढ्याच वेगाला ठोके खरंच जास्त पडतात. आकडा खरा आहे, तुम्हीच वेग कमी करा.

झोनचं, म्हणजे ठोक्यांवरून व्यायाम हलका चाललाय की जोराचा ते सांगणाऱ्या टप्प्यांचं, पण ऐका. घड्याळ जे लाल-पिवळे पट्टे दाखवतं ते बऱ्याचदा २२० वजा वय या हिशोबावर असतात, आणि एखाद्या माणसाचे खरे कमाल ठोके त्याच्यापेक्षा १०-१२ नं इकडं-तिकडं सहज असतात. वयस्कर लोकांना २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचं सूत्र जास्त जवळचं बसतं, साठीला पहिलं १६० सांगतं आणि दुसरं १६६. म्हणजे सेन्सर एकदम बरोबर असला तरी "रेड झोन" चुकीचा असू शकतो. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही जुनी कसोटी जोडीला ठेवाच.

कॅलरींवर तर विश्वासच नको. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ६० जणांवर सात घड्याळं तपासली, ठोक्यांत सातपैकी सहा ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. ४०० जळल्या म्हणून येताना दोन प्लेट भजे हाणणाऱ्यांनी बघून घ्यावं.

बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुद्दाम कमी राहतात, अशांना झोन लागूच होत नाहीत, डॉक्टरला विचारून आकडा ठरवा. ज्यांचे ठोके मुळातच अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत घड्याळ आणखी गोंधळतं. छातीत दुखायलं, डोळ्यापुढं अंधारी आली, गार घाम फुटला तर घड्याळ ९० दाखवो की १९०, तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा.

ज्याला इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून पळणं) करायचेत, मॅरेथॉनची तयारी करायचीय, त्यानं छातीचा पट्टा घ्यावा. तो उजेडावर नाही, हृदयाच्या विजेवर चालतो, ईसीजीसारखा, म्हणून हात कितीही हलला तरी फरक पडत नाही. छातीचा पट्टा काचत असेल तर दंडावर बांधायचा पट्टाही मिळतो, तो उजेडावरच चालतो पण दंड मनगटापेक्षा कमी हिसके खातो. नुसतं चालणाऱ्यांना दोन्हीची गरज नाही. छातीचा घेतलाच तर बांधायच्या आधी इलेक्ट्रोड (पट्ट्याचे कातडीला टेकणारे भाग) पाण्यानं ओले करा, कोरड्या छातीवर घाम येईपर्यंत तोही काहीबाही दाखवतो, आणि आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा.