वाटाघाटी चालू असताना एखादा नेता काहीतरी बोलून गेला की नेमकं काय बघायचं

व्यापार कराराची बोलणी चालू असतात, मधेच कोणीतरी मंत्री टोचून बोलतो, मग दिवसभर चॅनलवर तेच आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच, आणि ज्याचा माल खरंच परदेशात जातो त्याला कळत नाही की ऑर्डर पाठवायची का थांबवायची. अशा वेळी काय बघायचं ते सांगतो, अर्थशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही.

आधी बघा बोलणाऱ्याच्या हातात काय आहे. ऑक्टोबर २०२२ मधे, भारत-ब्रिटन व्यापार कराराची बोलणी चालू असताना, ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन एका मुलाखतीत म्हणाल्या की व्हिसा संपल्यावरही तिथेच राहणाऱ्यांत सगळ्यात जास्त भारतीय आहेत (त्यांचे वडील मूळ गोव्याचे, त्यामुळे मला ते जरा जास्तच लागलं). आता व्यापाराची फाइल त्यांच्याकडे नव्हतीच, ती तेव्हाच्या व्यापारमंत्री केमी बेडनॉक यांच्याकडे, पण आपली एक मोठी मागणी व्हिसाची होती आणि व्हिसाची किल्ली गृहखात्याकडे. म्हणजे ते बोलणं नुसतं लागट नव्हतं, टेबलावरच्या मुद्द्यावरच होतं, आणि अशा बोलण्याकडे लक्ष द्यायलाच हवं. दिवाळीपर्यंत करार करायचं ठरलेलं, ती २४ ऑक्टोबरची दिवाळी तशीच गेली. तरी सगळं खापर त्या एका वाक्यावर फोडू नका, त्याच महिन्यात तिथला पंतप्रधानसुद्धा बदलला. शेवटी ६ मे २०२५ ला करार पक्का झाला, २४ जुलैला सह्या झाल्या, आणि त्यात स्कॉच व्हिस्कीवरची १५० टक्के ड्यूटी आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं, शिवाय इथून तात्पुरत्या कामासाठी पाठवलेल्या आपल्या लोकांना तीन वर्षं तिथला सोशल सिक्युरिटीचा हप्ता माफ.

दुसरं, राग गाळून टाका आणि मागे कुठली वस्तू उरते ते बघा. सप्टेंबर २०२५ मधे अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक म्हणाले की १४० कोटी लोक असल्याचं सांगता आणि आमचा थोडासा मका पण घेत नाही. अपमान बाजूला ठेवा, मका उरला. म्हणजे तिकडची मागणी मक्याची आहे, आणि तिकडचा बहुतेक मका जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेला, ज्याला आपल्याकडे परवानगी नाही. मका लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातून जे कळतं ते दोन तासांच्या डिबेटमधून कळत नाही. आपल्या बाजूलाही हीच गाळणी लावा, ७ ऑगस्ट २०२५ ला मोदी म्हणाले की शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, तर तिथे आपली रेघ कुठे आहे ते दिसलं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅलेंडर. ३१ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी आपल्या अर्थव्यवस्थेला मृत म्हटलं, नंतर त्यांचे सल्लागार पीटर नवारो युक्रेनच्या युद्धाला ‘मोदींचं युद्ध’ म्हणाले, सगळीकडे तेच गाजलं. पण खरी वाईट बातमी ऑगस्टच्या मधेच येऊन गेली होती, की बोलणीसाठी २५ ऑगस्टला दिल्लीला येणारी अमेरिकन टीम आता येत नाहीये. उलट ५ सप्टेंबरला लटनिक म्हणाले की महिना दोन महिन्यांत भारत सॉरी म्हणत टेबलावर येईल, आणि १६ तारखेला अमेरिकेच्याच व्यापार प्रतिनिधी कार्यालयाचे ब्रेंडन लिंच दिल्लीत येऊन दिवसभर बोलून गेले. पुढची फेरी कधी, ती टिकली का पुढे ढकलली, एवढं बघत राहा.

मग कागद. ड्यूटी वाढते ती सरकारी ऑर्डर सही होऊन प्रसिद्ध झाल्यावर, त्यात तारीख असते, वगळलेल्या मालाची यादी असते. अमेरिकेत आपल्या मालावर ७ ऑगस्ट २०२५ ला २५ टक्के लागले आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाचं कारण देऊन आणखी २५, पण औषधं आणि स्मार्टफोन त्यातून बाहेर होते, सीप्झमधल्या (मुंबईतलं निर्यातीसाठीचं खास क्षेत्र) दागिन्यांना मात्र पूर्ण फटका. म्हणून आपला एचएस कोड (कस्टम्समधे मालाच्या प्रकाराला असतो तो नंबर) घेऊन मूळ ऑर्डर वाचा किंवा कस्टम्सच्या एजंटला वाचायला सांगा, आणि वाटेत असलेल्या मालाला सूट आहे का ते विचाराच, त्या २५ टक्क्यांच्या दुसऱ्या ऑर्डरमधे २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेल्या मालाला ठरावीक मुदतीपर्यंत ती होती.

एका ठिकाणी हे सगळं चालत नाही, समोर निर्णय एकाच माणसाच्या हातात असतो तेव्हा. ऑक्टोबर २०२५ मधे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा आवाज वापरून टॅरिफच्या विरोधात जाहिरात केली, प्रांताचा मुख्यमंत्री टेबलावर नव्हताच, तरी ट्रम्प यांनी कॅनडाशी व्यापाराची सगळी बोलणी बंद केली. अशा देशात माल जात असेल तर नव्या ऑर्डरच्या करारातच लिहून घ्या की मधे ड्यूटी वाढली तर ती कोण भरणार, आणि हे खरेदीदाराशी बोलणी शांत चालू असतानाच करून घ्या, कोणी काही बोलून गेल्यावर तो ऐकत नाही.