अमेरिकेत सिटी बसचं स्टिअरिंग: अर्जापासून पाळी निवडण्यापर्यंत

अमेरिकेतल्या शहर बससेवेत चालकाला ऑपरेटर म्हणतात. सुट्टी रविवारी मिळणार की मंगळवारी, पहाटे तीनला उठायचं की रात्री एकला घरी यायचं, हे या नोकरीत एका तारखेवर ठरतं, ती म्हणजे रुजू झाल्याची तारीख. तिच्यावरून लागणारा क्रम म्हणजे सीनियॉरिटी. "पुढच्या बॅचला बघू" म्हणणारा माणूस त्या एका बॅचमागे कायमचा उभा राहतो. एकाच दिवशी रुजू झालेल्यांचा आपसातला क्रम चिठ्ठ्या टाकून किंवा युनियनच्या करारात लिहिलेल्या पद्धतीने ठरतो. म्हणून कागदपत्रं आधी जमवून ठेवा आणि भरती निघाली की पहिल्याच फेरीत अर्ज टाका.

अर्ज आणि तपासण्या

बहुतेक संस्था वयाची 21 वर्षं पूर्ण झालेली मागतात. शिवाय साधं लायसन्स आणि गेल्या काही वर्षांचा स्वच्छ ड्रायव्हिंग रेकॉर्ड लागतो. हा रेकॉर्ड राज्याच्या मोटार वाहन खात्याकडून आधी स्वतः काढून वाचा. विसरलेला दंड किंवा पत्ता बदलल्यामुळे न पोचलेली नोटीस तिथे हमखास सापडते. मुलाखतीत गाडीबद्दल कमी आणि प्रवाशाबद्दल जास्त विचारतात: कोणी तिकीट नाकारलं तर काय कराल? "खाली उतरवीन" हे चुकीचं उत्तर. भाडं सांगायचं, वाद घालायचा नाही, नोंद करायची, बस चालू ठेवायची.

वैद्यकीय तपासणी बहुतेक ठिकाणी केंद्रीय मापांनी होते. प्रत्येक डोळ्याची दृष्टी, चष्म्यासह चालेल, 20/40 (भारतातल्या मापात 6/12). सिग्नलचे लाल, हिरवा आणि पिवळा रंग ओळखता आले पाहिजेत. पाच फुटांवरची कुजबुज ऐकू आली पाहिजे. रक्तदाब 140/90 च्या आत असेल तर प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, 140 ते 159 किंवा 90 ते 99 असेल तर साधारण एक वर्षाचं. रात्रभर जागून, दोन कप कॉफी पिऊन तपासणीला जाणारे या आकड्यावर अडकतात. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही 2018 च्या नियमबदलापासून रस्ता मोकळा आहे. फक्त तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फॉर्म हवा.

लघवीच्या तपासणीत गांजा सापडला तर नोकरी गेली, मग राज्यात तो कायदेशीर असला तरी. हा नियम केंद्राचा आहे. सीबीडी तेलाचं (गांजाच्याच जातीच्या रोपापासून काढलेल्या) कारण चालत नाही, होळीच्या भांगेचंही नाही. नोकरी लागल्यावर अचानक तपासण्या चालूच राहतात. कामाच्या आधी चार तास दारू वर्ज्य. शरीरातल्या दारूचं प्रमाण 0.04 टक्के निघालं तर नापास, पण 0.02 निघालं तरी त्या वेळी गाडी हातात देत नाहीत.

सीडीएल

व्यावसायिक लायसन्स म्हणजे सीडीएल. सिटी बससाठी क्लास बी लागतं (26,001 पौंड किंवा अधिक वजनाची एकसंध गाडी) आणि त्यावर प्रवासी वाहतुकीचं एन्डॉर्समेंट, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी. आधी लेखी परीक्षा देऊन लर्नर परमिट मिळतं. गाडी चालवण्याचं सामान्य ज्ञान, एअर ब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक) आणि प्रवासी असे तीन पेपर असतात आणि उत्तीर्ण व्हायला 80 टक्के लागतात. परमिट मिळाल्यावर किमान 14 दिवस थांबल्याशिवाय प्रत्यक्ष परीक्षा देता येत नाही. 7 फेब्रुवारी 2022 पासून नोंदणीकृत प्रशिक्षकाकडे प्रशिक्षण घेणंही सक्तीचं आहे. स्वतःच्या खिशातून महागडी शाळा करण्याआधी संस्थेच्या जाहिरातीत पगारी प्रशिक्षण आहे का ते बघा. बऱ्याच संस्था परमिटवर घेतात आणि सीडीएल स्वतःच करून देतात.

प्रत्यक्ष परीक्षेचे तीन भाग: गाडीची तपासणी, मैदानातली हाताळणी, रस्ता. दुभाषा चालत नाही. तपासणीत प्रत्येक भागाला हात लावून तो काय, कसा असावा हे इंग्रजीत मोठ्याने सांगावं लागतं. पुढच्या टायरची नक्षी किमान 4/32 इंच, बाकीच्यांची 2/32. इथे मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणारे अडखळतात. गाडीभोवती एकाच दिशेने फिरायचा क्रम ठरवून टाका आणि तो रोज घडाघडा म्हणा, पाढ्यांसारखा.

बरेच लोक एअर ब्रेकवर पडतात, कारण ही चाचणी चुकली की थेट नापास. क्रम असा:

1. इंजिन चालू ठेवून हवा भरू द्या. साधारण 120 ते 140 पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) कॉम्प्रेसर थांबतो आणि गाडीखालून 'फुस्स' आवाज येतो.
2. सपाट जागा, चाकांना अडकण म्हणून ठोकळे. इंजिन बंद, पण किल्ली 'ऑन' वर. पिवळं बटण आत दाबून पार्किंग ब्रेक सोडा. ब्रेक पेडल दाबा, काटा एकदा खाली येऊन स्थिरावू द्या आणि तिथून एक मिनिट मोजा. तीन पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये.
3. आता पेडल वारंवार दाबत हवा कमी करा. 55 च्या खाली जायच्या आत दिवा आणि बझर लागलेच पाहिजेत.
4. दाबत राहा. 20 ते 45 च्या दरम्यान पिवळं बटण स्वतःहून बाहेर उडतं.

ठरलेल्या चुका दोन. किल्ली 'ऑफ' राहते, म्हणून दिवा लागतच नाही. आणि पेडल दाबल्यावरची पहिली घट मिनिटात धरली जाते, म्हणून गळती नसताना गळती दिसते.

चाळीस फुटांची सवय

बस 40 फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद असते, आरसे वेगळेच. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून कापून जातात, हे सगळ्यांना शिकवलेलं लक्षात राहतं. विसरतं ते उलटं: मागच्या चाकांपलीकडे गाडीचं बरंच अंग उरतं. स्टॉपवरून (अमेरिकेत तो रस्त्याच्या उजवीकडे) निघताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापलं की ते शेपूट उजवीकडे फूटपाथवर झाडू मारतं. खांब, कचऱ्याचा डबा, कधी माणूस. आधी थोडं सरळ पुढे घ्या, मग वळवा.

अंतर सेकंदांत मोजायचं. दर दहा फूट लांबीला एक सेकंद, म्हणजे चाळीस फुटांना चार. वेग ताशी 40 मैलांच्या वर गेला की आणखी एक.

डावं वळण सर्वांत धोक्याचं. काचेशेजारचा जाड खांब आणि आरसा मिळून रस्ता ओलांडणारा अख्खा माणूस झाकतात. तुम्ही वळता, तो चालतो आणि दोघांचा वेग जुळला तर तो त्या सावलीतच राहतो. म्हणून सीटवर पुढे-मागे झुकून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा. विचित्र दिसतं, दिसू द्या. रेल्वे फाटकापाशी प्रवासी घेऊन जाताना रुळांपासून 15 ते 50 फुटांच्या मध्ये थांबायचंच, गाडी येवो न येवो. आणि मागचं दार उघडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक म्हणजे पार्किंग ब्रेक नव्हे. सीट सोडायची तर पिवळं बटण ओढूनच.

वेळापत्रकाचा कागद वाचणं

एक बस सकाळी डेपोतून निघून रात्री परत येईपर्यंत जे फिरते तो ब्लॉक. त्यातला तुमच्या वाट्याचा दिवस म्हणजे रन. ब्लॉक लांब असला तर रस्त्यातच बस एकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्या जागेला रिलीफ पॉइंट म्हणतात. फेरीच्या टोकाला लेओव्हर असतो, साधारण फेरीच्या दहा-पंधरा टक्के. उशीर भरून काढायला ठेवलेला हा वेळ व्यवहारात लघवीला जायचा वेळ असतो. टाइमपॉइंटवर, म्हणजे वेळापत्रकात वेळ ठरवून दिलेल्या स्टॉपवर, आधी पोचलात तर थांबा. पाच मिनिटं उशिरा आलेली बस प्रवाशाला मिळते, दोन मिनिटं आधी गेलेली मिळत नाही.

रन सलग असतो किंवा स्प्लिट. स्प्लिटचा हिशोब करून बघू. सकाळी 5:40 ला हजेरी, 9:31 ला सुटी; पुन्हा दुपारी 2:36 ला हजेरी, 6:44 ला शेवट. काम 3 तास 51 मिनिटं अधिक 4 तास 8 मिनिटं, म्हणजे 7:59. करारात आठ तासांची हमी असेल तर 8:00 धरतात. पण पहिल्या हजेरीपासून शेवटापर्यंतचा पसारा 13 तास 4 मिनिटांचा आहे. करारात 11 तासांपुढच्या पसाऱ्याला निम्मा जादा दर लिहिला असेल, तर 2:04 चे 1:02 मिळून पगार 9:02 चा. मधल्या पाच तासांत घरी जाऊन झोपता येत असेल तर सौदा बरा. डेपोच्या खुर्चीत काढायचे असतील तर नाही. आठवड्याला 40 तासांवर दीडपट ओव्हरटाइम सरकारी बससेवांनाही द्यावाच लागतो. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टात सॅन अँटोनिओच्या बससेवेवरूनच त्याचा निकाल लागला.

एक्स्ट्रा बोर्ड आणि पिक

नव्यांना सुरुवातीला बहुतेकदा एक्स्ट्रा बोर्ड मिळतो. ठरलेला रन नाही. जे आजारी पडले, सुट्टीवर गेले, त्यांचं काम पाळीपाळीने. उद्याचं काम आज दुपारी कळतं. फलक किंवा फोन ठरलेल्या वेळीच बघा, "मला वाटलं" हे कारण कोणी ऐकत नाही. हजेरीला एक मिनिट उशीर म्हणजे मिसआउट. तुमचा रन दुसऱ्याला जातो आणि तुमच्या नावावर नोंद लागते. प्रोबेशनमध्ये नोकऱ्या जातात त्या धडकांइतक्याच मिसआउटमुळे. दोन गजर लावा, एक पलंगापासून लांब.

वर्षातून तीन-चार वेळा पिक होतो. सर्वांत ज्येष्ठ माणूस आधी रन निवडतो, मग खालचा. तुमच्या वेळी काय उरेल ते सांगता येत नाही, म्हणून क्रम लावलेली पंधरा-वीस रनची यादी खिशात हवी. निवडायला काही मिनिटंच मिळतात. प्रत्येक रनपुढे चार गोष्टी लिहा: हजेरीची जागा, शेवटाची जागा, पसारा, सुट्टीचे वार. पहिल्या दोन जागा वेगळ्या निघाल्या तर तुमची स्वतःची गाडी डेपोत आणि तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, असं रोज होईल. रूटचा नंबर बघून निवडू नका. त्याच रूटवरचा पहाटेचा रन आणि शाळा सुटतानाचा रन ही दोन वेगळी कामं आहेत.

पिकच्या दिवशी हजर राहता येत नसेल तर लेखी पसंतीपत्र आधी देऊन त्याची पोच घ्या. नाहीतर उरलेल्यातला रन ऑफिसच तुमच्या नावावर लावतं आणि तो पुढच्या पिकपर्यंत चालवावा लागतो.